राजाच्या पोराचं नाव आणि भाऊसाहेबांचं जाकीट

त्याच्या जाकिटाला बाहेरून दोन खिसे होते, ते सगळ्यांना दिसायचे. आतून किती होते, ते जगात दोनच माणसांना माहीत होतं. एक तो आणि दुसरी माझी बायको. मला कळलं तेव्हा बायको जाऊन सव्वा महिना झाला होता आणि भांडायला ती समोर नव्हती.

आम्ही सगळे त्याला भाऊसाहेब म्हणायचो. तोंडावर अहो-जाहो, पाठीमागे तो. इथं मी पाठीमागे बोलतोय, म्हणून तो. त्याचं खरं नाव मला ठाऊक आहे, पण सांगणार नाही. त्याच्या आधीची तीन पोरं पाळण्यातच गेली, म्हणून आईबापानं याचं नाव असं ठेवलं की मरणालाही ते उचलावंसं वाटू नये. दगडधोंड्यांतलं. ते नाव कुणी घेतलं की त्याचा चहा कडू व्हायचा. दुसऱ्याच्या नावात नाक खुपसायला मात्र त्याला भारी आवडायचं. नोकरीच तशी केलेली. एका तालुक्याच्या गावी जन्म-मृत्यूच्या खिडकीमागे बत्तीस वर्षं बसला आणि रिटायर झाल्यावर इकडे सिडकोत आमच्या शेजारच्या लाइनीत राहायला आला. लग्न केलं नव्हतं. का नाही, असं विचारलं तर म्हणायचा, "हजारो पोरांना नावं लावली, एकालाही खाऊ घालावं लागलं नाही. याच्यापेक्षा सुखाचा संसार मला दाखवा."

कुणी भेटलं की माणूस विचारतो, कसं काय, बरं आहे का. हा विचारायचा, "पूर्ण नाव?" भाजीवालीला विचारलं, गॅसवाल्याला विचारलं. एकदा आमच्या गल्लीत चोर समजून लोकांनी एकाला धरला, त्यालाही यानं पुढं होऊन आधी बापाचं नाव विचारलं. तो बिचारा मीटर बघायला आलेला निघाला.

खिडकीवरच्या गोष्टी सांगायला बसला की उठायचा नाही. खेड्यावरून बाप यायचा, घरनं नाव पाठ करून निघालेला, आणि एसटीच्या गर्दीत विसरलेला. खिडकीशी उभा राहून डोकं खाजवायचा. मग हा चष्म्यावरून बघायचा. आजा कुठल्या देवाला जातो? घरात आवाज कुणाचा, तुझा का बायकोचा? दोन-तीन सवाल टाकायचा आणि एक नाव फेकायचा. बाप एकदम खूश. हो हो, हेच. साहेब, तुम्हाला कसं कळलं?

मी एकदा विचारलं, की दर वेळी बरोबर कसं यायचं. तो म्हणाला, "फिटर, बरोबर कुठं यायचं? बाप घाबरलेला असायचा. मी म्हणेन त्याला हो म्हणायचा. एकदा लिहिलं की बरोबर." निम्म्या तालुक्याला यानं अशी नावं चिकटवली होती आणि घरी गेल्यावर त्या बापांचं काय झालं असेल, ते त्यांच्या बायकांनाच ठाऊक.

मला तो फिटर म्हणायचा. मी सातपूरच्या एका कंपनीत मशीनवर होतो. शिक्षण चौथी. गाव सायखेड्याच्या बाजूचं.

पाण्याच्या टाकीखाली मावशीची चहाची टपरी आहे. तिथं आमची सकाळची बैठक असायची. मी, भाऊसाहेब, एक रिटायर कंडक्टर आणि मावशी. पेपर भाऊसाहेबाच्या हातात. तो बातम्या वाचायचा नाही, नावं वाचायचा. कुठल्या नटीला पोर झालं, कुठल्या पुढाऱ्याला नातू झाला. आणि सगळ्यात आवडीचं म्हणजे राजाच्या घरचं बाळंतपण. तुम्ही म्हणाल, राजे राहिलेत कुठं? आहेत. युरोपात एक देश आहे, त्याचं नाव माझ्या जिभेला अजून जमत नाही. तिथं गायी लय, लोणी लय आणि राजा अजून जागेवर. त्याच्या सुनेला दिवस गेले, तेव्हापासून हा दिवस मोजत होता. सुनेच्या आईनं मोजले नसतील इतके. मुलगा झाला त्या दिवशी टपरीवर यानं पेढे वाटले. खरे पेढे.

तिकडं म्हणे रीत अशी, की पोराचं नाव राजा आधी दरबारात मंत्र्यांना सांगतो आणि मग ते बाहेर पडतं. तोवर सगळा देश अंदाज करत बसतो. आमची टपरीही बसली. कंडक्टर म्हणाला, हेन्री. त्याला तेवढंच एक साहेबी नाव येत होतं. मी म्हणालो, एडवर्ड. आमच्या कंपनीत लोखंड कातायचा एक जुना विलायती लेथ होता, त्यावर पितळी पट्टीत ते नाव कोरलेलं. चाळीस वर्षं तो लेथ बिघडला नाही, म्हणून मला ते नाव भरवशाचं वाटायचं. मावशी म्हणाली, कागदावर काही लिहा, आजी त्याला बंड्याच म्हणणार.

भाऊसाहेबानं जाकिटावर थाप मारली. "माझी चिठ्ठी लिहून झाली. खिशात आहे."

कंडक्टर म्हणाला, मग ती मावशीकडे ठेवा. बरणीखाली राहील.

"नोंद झालेला कागद खिडकीबाहेर जात नाही," तो म्हणाला.

मग त्यानं आम्हाला शिकवणी दिली. ती मी विसरलो नाही. म्हणाला, राजाच्या घरात नाव ठेवत नाहीत, घालतात. आज्याचा कोट नातवाला घालावा, तसं. कोट मोठा होतो, बाह्या लोंबतात, पण काढता येत नाही. पोर जन्माला यायच्या आधीपासून तो कोट खुंटीला टांगलेला असतो. म्हणून राजाच्या पोराचं नाव ओळखणं सोपं, फक्त मेलेल्यांची यादी पाठ पाहिजे. अवघड काम गरिबाच्या घरचं. तिथं खुंटीला काही नसतं.

आठ दिवसांनी नाव आलं. आल्बर्ट. कंडक्टरनं पेपर आपटला. भाऊसाहेब उठला, खोकला, आमच्याकडं पाठ केली आणि वळला तेव्हा हातात चिठ्ठी. जुन्या रजेच्या अर्जाच्या पाठीमागे, मोत्यासारख्या अक्षरात, आल्बर्ट. चिठ्ठी काढताना त्याला खोकला दर वेळी यायचा. आम्ही म्हणायचो, वय झालं.

हरलेल्यानं सगळ्यांना चहा आणि खारी द्यायची आणि उभं राहून म्हणायचं, भाऊसाहेब, नोंद बरोबर आहे. हे मी किती वेळा म्हणालो असेन. राजाची पोरं झाली, नटीची झाली, प्राणीसंग्रहालयातल्या वाघिणीची झाली. दर वेळी खोकला, पाठ, चिठ्ठी.

घरी येऊन मी हौसाला सांगितलं. हौसा म्हणजे माझी बायको. खिडकीशी मशीन टाकून ब्लाउज शिवायची. लाइनीतल्या सगळ्या बायकांची मापं तिच्या वहीत. आल्बर्टचं ऐकलं आणि तिनं मशीनचं चाक हातानं थांबवलं, पदर तोंडाला लावला आणि उचकी लागेपर्यंत हसली. मी म्हणालो, येडी झालीस काय? ती म्हणाली, "काही नाही. तुम्ही परत लावा पैज."

आता तिच्या नावाचं सांगतो, कारण पुढं त्याचंच भांडण आहे. माहेरी ती इंदू होती. आमच्या घरात एक इंदूकाकू आधीच होती, आणि एका घरात दोन इंदू आईला चालणार नव्हत्या. आई म्हणाली, हौसा ठेवू. लग्नात ताटातल्या तांदळावर मी अंगठीनं ते लिहिलं. चौथी शिकलेला माणूस, दोन मात्रा काढताना निम्मे तांदूळ खाली सांडले. तिथून पुढं चव्वेचाळीस वर्षं मी ते नाव घेतलं. हौसे, पाणी. हौसे, टॉवेल. हौसे, माझा चष्मा. एकदा ती म्हणाली होती, "माझं नाव तुमच्या तोंडातून एकटं कधी आलंच नाही. मागं काहीतरी आणायचं असतंच." मी म्हणालो, मग काय आरती म्हणू? आणि पाणी मागितलं.

जानेवारीत ती गेली. काय झालं, कसं झालं, ते लिहीत नाही. सुनेला तेव्हा चौथा महिना होता.

सव्वा महिन्यानं बायका दबकत दारात यायला लागल्या. शिवायला टाकलेली कापडं परत हवी होती. कुठलं कापड कुणाचं ते मला काय कळणार, म्हणून तिची मापांची वही काढली. तिला लिहिता यायचं ते वहीपुरतं. छाती, कंबर, बाही, गळा मागून खोल. चाळता चाळता एक पान लागलं. भाऊसाहेब. जाकीट. आतून खिसे बारा. ह्यांना सांगू नये.

ह्यांना म्हणजे मला.

मी ते पान चार वेळा वाचलं. मग डोक्यात उजेड पडला. बारा खिसे, बारा चिठ्ठ्या, बारा राजे. जे नाव बाहेर पडेल त्याचा खिसा चाचपायचा. खोकला आणि पाठ त्यासाठी. आणि माझी बायको मला पुन्हा पैज लावायला पाठवायची. मी एकटा घरात हसलो. ती गेल्यानंतर पहिल्यांदा. नंतर जे झालं ते हसणं नव्हतं.

भाऊसाहेबाला मी काही बोललो नाही. ठरवलं, पुढच्या राजाला पोर होऊ दे. चिठ्ठी काढली की सगळ्यांसमोर जाकीट उलटं करतो.

पण राजाच्या आधी माझ्याच घरी पोर झालं. नात. विहीणबाई दवाखान्यातून थेट घरी आल्या आणि म्हणाल्या, ताईंचं एखादं जुनं लुगडं द्या, दुपटी करायला. आमच्याकडं बाळाला आधी नवं कापड घालत नाहीत. धुऊन धुऊन मऊ झालेलं, घरातल्या मोठ्या बाईचं लागतं. मी नाही म्हणालो. हौसाची लुगडी पत्र्याच्या पेटीत होती, तिनं घडी घातली होती तशीच. पेटीला कुलूप आणि चावी माझ्या बंडीच्या खिशात. मी म्हणालो, पेटीला कुणी हात लावायचा नाही. आणि नाव हौसा ठेवायचं.

पोरगा म्हणाला, बाबा, शाळेत हसतील. मी म्हणालो, हसू दे. सून हुशार आहे, ती हळू बोलली. म्हणाली, "बाबा, आईंचं नाव घेऊन मी तिला रागवू कशी? माझ्या तोंडातून हाक तरी निघेल का?" मी आवाज चढवला. म्हणालो, दुसरं नाव ठेवणार असाल तर बारशाला मी नाही.

बारशाच्या दिवशी सकाळी अंघोळ केली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि रुसून टपरीवर जाऊन बसलो. कंडक्टर माझ्या देखत माझ्याच घरी जेवायला गेला. जाताना म्हणाला, येतो रे, तुझ्या वाटची जिलबी खातो. मावशीही स्टोव्ह बारीक करून पाळणा बघायला गेली. थोड्या वेळानं भाऊसाहेब आला. भर उन्हात जाकीट.

"बारसं तुझ्या घरी आणि तू इथं?"

"तुम्हाला सगळं ठाऊक हाय," मी म्हणालो. रोज टपरीवर मीच सांगत होतो, त्याला ठाऊक नसायला काय झालं.

त्यानं स्वतःच्या हातानं चहा ओतून घेतला, बशीत. दोन घोट घेतले. "मेलेल्या माणसाचा कोट काढायचा आणि पाळण्यातल्या पोरीला घालायचा. फिटर, तू कुठला राजा लागून गेलास?"

मी त्याला शिवी दिली. ती इथं लिहीत नाही.

तो उठला. खोकला. पाठ केली. वळला आणि माझ्यापुढं एक चिठ्ठी धरली. रजेच्या अर्जाचा तुकडा, तेच मोत्यासारखं अक्षर. लिहिलं होतं:

नात झाली, तर माझं नाव तिला देऊ नका. ते तुमच्या आईनं दिलं आणि तुम्ही वापरून झिजवलं. लुगडं द्या दुपट्याला, जुनं बाळाला मऊ लागतं. नाव नवं आणा.

मी विचारलं, हे कुणी लिहिलं.

"अक्षर माझं, बोलणं वहिनींचं. डिसेंबरात बटण लावायला गेलो होतो तुमच्याकडं. म्हणाल्या, ह्यांच्या डोक्यात काय येणार ते मला आत्ताच दिसतंय. लिहून ठेवा. वेळ आली तर काढा, नाही आली तर फाडून टाका."

मी चिठ्ठी गुडघ्यावर ठेवली. म्हणालो, "भाऊसाहेब, जाकिटाला आतून बारा खिसे हायेत."

इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याच्या बशीतला चहा जाकिटावर सांडला. "वहिनींनी सांगितलं?"

"वहीनं सांगितलं. बाकीचे अकरा दाखवा."

त्यानं बशी खाली ठेवली, जाकिटाची सगळी बटणं काढली आणि दोन्ही हात लांब करून माझ्यापुढं उभा राहिला, झडती द्यायला उभा राहावं तसा. आतलं अस्तर मी पहिल्यांदा बघितलं. डावीकडं सहा, उजवीकडं सहा. ओळीत, एकसारखे.

माझ्या डोक्यात हिशोब सुरू झाला. डिसेंबरात हौसाला कसं कळणार, की मी पेटीला कुलूप लावीन? हे तर परवाचं. म्हणजे यानं काल घरी बसून लिहिलं असणार. दुसऱ्या खिशात असेल, माझंच नाव ठेवा. तिसऱ्यात असेल, सुनेला विचारा. मी रुसून बसेन तसा खिसा. पण मग वाटलं, चव्वेचाळीस वर्षं माझ्या घरात राहिलेल्या बाईला मी कुलूप लावीन हे कळायला काय परवा उजाडावा लागतो? आणि ते नाव मी मागं पाणी, टॉवेल लावून लावून झिजवलं, हे भाऊसाहेबाला कुठून ठाऊक? का तिनं त्यालाही सांगितलं असेल, बटण लावता लावता?

मी हात घातला. बोट एका खिशाच्या कोपऱ्याला लागलं. कोपऱ्याला दुहेरी टाके होते. कुणाचाही खिसा असो, ती कोपऱ्याला दोनदा मशीन फिरवायची. म्हणायची, माणूस तिथंच हात ओढतो.

मी हात मागं घेतला. म्हणालो, बटणं लावा, लोक बघतायत. लोक कुणी नव्हते. सगळे माझ्या घरी होते.

घरी गेलो तर बायकांचा गलका एकदम थांबला. मी कुणाकडं न बघता आत गेलो, पेटी उघडली. वरचं लुगडं चॉकलेटी, काठ उसवलेलं, रोजचं. ते विहीणबाईंच्या हातात दिलं. त्यांनी दातानं काठ धरला आणि फाडलं. फाटताना जो आवाज झाला, तो ऐकून पाणी प्यावंसं वाटलं, पण मी कुणाला हाक मारली नाही. पाळण्यात दुपटं अंथरलं, पोरीला त्यात गुंडाळलं. माझी मुलगी, म्हणजे तिची आत्या, पाळण्यात वाकली, कानाशी कुर्रर्र केलं आणि नाव सांगितलं. अन्वी.

सून माझ्याकडं बघत होती. मी म्हणालो, बरं आहे. जीभ अडकायच्या आत संपतं.

जिलबीची ताटली घेऊन टपरीवर परत गेलो. भाऊसाहेब तिथंच बसला होता, जाकिटाची बटणं गळ्यापर्यंत लावून. मी विचारलं, ओळखा. तो खोकला, उठला, पाठ केली. चिठ्ठीवर अन्वी लिहिलं होतं. त्या दिवशी माझ्या घरून जेवून टपरीवरून गेलेल्या कुणाला यानं पूर्ण नाव विचारलं असेल, ते मी विचारलं नाही. उभा राहिलो आणि म्हणालो, भाऊसाहेब, नोंद बरोबर आहे. परत आलेल्या मावशीला चहा सांगितला.

दिवाळीनंतर पुतण्यानं त्याला चांदवडला नेलं. तिथून फोन करतो. कसं काय विचारत नाही, विचारतो, कुठल्या राजाकडं काही बातमी?

त्याला सांगण्यासारखी बातमी आमच्याच घरात आहे. चॉकलेटी दुपट्यात ती राणीसारखी पडलेली असते. सून आतून ओरडते, बाबा, बघा जरा तिच्याकडं. मी उठतो. अन्वी म्हणून हाक मारतो. एकटं नाव, मागं काही आणायचं नाही. ती ढुंकूनही बघत नाही. मी म्हणतो, पड तू, पाणी माझं मी घेतो.